टीव्ही बंद, सांबार ताजा

मी मराठीची मास्तरीण आहे आणि स्वभावाने तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे मी कुणावर ओरडले तर वाचणाऱ्याला धक्का बसायला नको. अमरावतीच्या एका शाळेत सव्वीस वर्षं शिकवतेय. वर्गात कुणी ‘मले’ म्हटलं की मी त्याला तिथल्या तिथे उभं करून ‘मला’ म्हणायला लावायचे. निबंधात ‘करून राहिलो’ दिसलं की खाली लाल रेघ. माझ्या हाताखालून गेलेली पोरं पुण्यात नोकऱ्या करतात आणि ती कुठली हे कुणाला ओळखूसुद्धा येत नाही, याचा मला केवढा अभिमान होता! अभिमान आजही आहे, तो आता दुसऱ्याच गोष्टीचा आहे, आणि तीच सांगायला बसले आहे.

तर, मला टीव्हीचं व्यसन होतं. आवड नव्हे, व्यसनच. शाळा सकाळची. दुपारी घरी येऊन जेवले, जरा पाठ टेकली की चार वाजता टीव्ही लागायचा. चार ते सहा आदल्या रात्रीचे भाग पुन्हा दाखवतात, ते बघायचे. मग स्वयंपाक, आणि साडेसातपासून साडेनऊपर्यंत ताजे भाग. म्हणजे एकाच सासूचं एकच रडणं मी दोनदा बघायचे आणि दोन्ही वेळा मला हुंदका यायचा. नवरा नांदगाव पेठेला कापडाच्या कारखान्यात सुपरवायझर आहे. पाळी करून आला की तोही शेजारी बसायचा. ताटं मांडीवर. आमचा संसार ‘आवाज वाढव’ आणि ‘रिमोट कुठाय’ या दोन वाक्यांवर चालला होता, आणि बरा चालला होता असं मला वाटायचं.

मालिकांमधलं मराठी मला फार आवडायचं. काय ते स्वच्छ उच्चार, काय ते आर्जव! त्यात एखादा आमच्यासारखं बोलणारा आला तर तो एकतर घरगडी असायचा, नाहीतर येडपट मामा. तो बोलला की मी हसायचे. नवरा मात्र हसायचा नाही. तो कारखान्यात दिवसभर खणखणीत वऱ्हाडी बोलतो, पण घरी आला की चपलेबरोबर तीही दाराबाहेर काढून ठेवायचा. माझी शिस्तच तशी होती.

बाबा, म्हणजे माझे वडील, अकोल्याजवळच्या एका खेड्यात राहायचे. पन्नास वर्षं भाजीपाला केला. वांगी, मेथी, मुळा, आलू, विहिरीवर जे जे येईल ते. आई गेल्यावरही मळा सोडला नाही. गावात त्यांचं बोलणं ऐकायला माणसं थांबायची. बाजारात भाजी विकायला बसले की शेजारचे दुकानदार आपलं गिऱ्हाईक सोडून त्यांच्या गोष्टी ऐकायचे. पण माझ्याकडे अमरावतीला आले की एकदम गप्प. भाजीची पिशवी ओट्यावर ठेवायची, चहा प्यायचा आणि म्हणायचं, “लाव तो टीव्ही.” दोन दिवस राहिले तरी दोन दिवस टीव्हीसमोर. आम्ही सगळ्यांना कौतुकाने सांगायचो, बाबांना टीव्ही भारी आवडतो.

दोन वर्षांपूर्वी पोळा झाला आणि पुढच्याच आठवड्यात बाबांना लकवा मारला. वाफ्याला पाणी देता देता खाली बसले ते उठलेच नाहीत. अकोल्याला दवाखान्यात वीस दिवस काढले. जीव वाचला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला, आणि वाचा गेली. समजायचं सगळं. विचारलं की मान हलवायचे, बरोबर हलवायचे. पण बोलायला गेले की एकच आवाज निघायचा. “ता. ता ता.” पाणी हवं, ता. उशी नको, ता. मला बघून डोळे भरून आले, ता. चार माणसांना गुंगवून ठेवणाऱ्या माणसाच्या तोंडात देवाने एक अक्षर शिल्लक ठेवलं. मला इतका संताप यायचा की देवघरासमोर उभी राहून मी देवालाच चार शब्द सुनावले.

मी त्यांना अमरावतीला घेऊन आले. समोरच्या खोलीत पलंग टाकला, बरोबर टीव्हीसमोर. भेटायला येणारे म्हणायचे, छान केलं हो, तेवढंच मन रमतं. सकाळी सातला मी शाळेत जाताना टीव्ही लावून जायचे. बाबांजवळ बसायला एक बाई ठेवली होती, तीही बघायची. मी आले की मी, मग नवरा. टीव्ही बोलायचा, आम्ही तिघं ऐकायचो.

मग बोलणं शिकवणाऱ्या मॅडम यायला लागल्या. वाचा-उपचार म्हणतात त्याला. मुलगी तिशीतली, पश्चिम महाराष्ट्रातून इकडे नोकरीला आलेली, हसतमुख. पहिल्या दिवशी तिने एक फॉर्म भरून घेतला. वय, काम, शिक्षण. मग विचारलं, “घरात कोणती भाषा बोलता?”

“मराठी,” मी म्हटलं. आणि तेवढ्यावर गप्प बसायचं की नाही? तर नाही. “शुद्ध मराठी. मी मराठीचीच शिक्षिका आहे.”

तिने लिहून घेतलं. पलंगावर बाबा माझ्याकडे बघत होते.

जाताना तिने टीव्हीकडे बोट केलं. “हा किती वेळ चालू असतो?”

“दिवसभर. तेवढंच मन रमतं त्यांचं.”

“ताई, टीव्ही बोलतो, ऐकत नाही. आजोबांना एक शब्द काढायला अर्धं मिनिट लागणार आहे. टीव्ही त्यांच्यासाठी अर्धं मिनिट थांबणार आहे का? घरातला आवाज कमी करा आणि त्यांच्याशी बोला. पहिले सहा महिने फार मोलाचे असतात. त्यात जे येईल ते सोपं येईल, नंतर प्रत्येक शब्दासाठी झगडावं लागेल.”

सहा महिन्यांतला सव्वा महिना तर तेव्हाच संपला होता. आता तुम्ही म्हणाल, मग त्या क्षणी केला असेल हिने टीव्ही बंद. कुठलं काय! मला रागच आला. कालची पोर मला शहाणपण शिकवणार! तरी बाबांसाठी समोरचा टीव्ही बंद केला, आणि साडेसात वाजले की मी आतल्या खोलीत जाऊन मोबाइलवर मालिका बघायला लागले. कानात इअरफोन घालून. पळवाट काढण्यात आमचा हात कोण धरणार?

चार-पाच दिवस असे गेले. एका संध्याकाळी नवरा दुसऱ्या पाळीला होता. भाग संपला, मी इअरफोन काढले, बाहेर आले. बाबांच्या पलंगाशी तांब्या कलंडला होता. गादी ओली, सदरा ओला, बाबा त्या ओल्यात पडलेले. पाण्यासाठी हाका मारून मारून शेवटी डाव्या हाताने तांब्या ओढायला गेले असणार. मला बघून ते रागावलेसुद्धा नाहीत. फक्त हळूच म्हणाले, “ता.” बोटाने दाखवलं, कोरडा सदरा तिकडे आहे.

मी सदरा बदलला, गादी उलटवली. मग रिमोट घेतला आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसून झाकण लावलं. मोबाइलवरचं ते ॲपही काढून टाकलं. शरमेने केलं, मोठं मन वगैरे काही नव्हतं. पण केलं.

पहिला आठवडा वाईट गेला. साडेसातला हात आपोआप सोफ्याच्या त्या कोपऱ्याकडे जायचा, जिथे रिमोट असायचा. शेजारणीच्या घरातून शीर्षकगीत ऐकू यायचं आणि माझा जीव तिकडे. सुनेला घराबाहेर काढलं की नाही, या काळजीने मला जेवण जाईना. नवरा म्हणाला, “क्रिकेटचं काय?” मी म्हटलं, “रविवारी. एकच सामना. आणि आवाज बंद ठेवून.” तो म्हणाला, “बापरे.” पण ऐकलं बिचाऱ्याने.

रोज संध्याकाळी आम्ही कार्डं घेऊन बसायला लागलो. मॅडमने चित्रांची कार्डं दिली होती. बाबा भाजीवाले म्हणून खास फळं-भाज्यांची. चित्र दाखवायचं, विचारायचं हे काय, आणि शब्द येत नसेल तर पहिलं अक्षर पुरवायचं. कांदा असेल तर ‘कां... कां...’. तेवढ्या आधाराने पुढचा शब्द ओढला जातो म्हणे.

आणि खरंच! बाराव्या-तेराव्या दिवशी कांदा आला. “कां... कांदा.” मी टाळ्या वाजवल्या. नंतर मुळा आला, मिरची आली, लिंबू आलं. पण काही कार्डांवर गाडी अडली ती अडलीच. बटाटा येईना. ब-ब करून माझे ओठ दुखले. पेरू येईना. टोमॅटो येईना. आणि सगळ्यात वाईट म्हणजे कोथिंबीर. जन्मभर जी पिकवली, जिच्या वासात आम्ही वाढलो, ती कोथिंबीर. “बाबा, को... को...” ते चित्राकडे बघायचे, माझ्याकडे बघायचे, मान जोरात हलवायचे आणि कार्ड डाव्या हाताने ढकलून द्यायचे. “ता! ता!”

एवढ्यात एक गंमत झाली. परिचारिका रक्त घ्यायला आली होती. तिने सुई टोचली आणि बाबा खणखणीत ओरडले, “अबे हयू!” हयू म्हणजे हळू. आम्ही सगळे थक्क. मी आनंदाने मॅडमला फोन लावला. ती म्हणाली, छान आहे, पण ओरडणं, शिव्या, देवाचं नाव हे आपोआप तोंडातून येतं, ते वेगळं. विचार करून काढलेला शब्द वेगळा. म्हणून मी ते तिथेच सोडून दिलं. कुठल्या बोलीत ओरडले, इकडे मास्तरणीचं लक्षच नाही.

दिवाळी गेली, थंडी पडली. चौथा महिना लागला. कोथिंबीर येत नव्हती ती नव्हतीच. मी चिडायचे. एकदा तर म्हणाले, “बाबा, तुम्ही मनावरच घेत नाही.” बोलल्यावर स्वतःचीच जीभ चावली. बाबांनी भिंतीकडे तोंड केलं.

त्याच आठवड्यात एका दुपारी, पाचच्या सुमारास, घर असं शांत होतं की घड्याळाची टिकटिक ऐकू येत होती. पूर्वी या वेळी टीव्हीत कुणीतरी कुणाच्या तरी थोबाडीत मारत असे. बाबा पडले होते. एरवी या वेळी मी आतल्या खोलीत दार लावून वह्या तपासायचे, त्या दिवशी त्यांच्याजवळ बसून तपासत होते. आणि गल्लीतून आवाज आला.

“सांबाऽऽर घ्या, पालऽक, मेथीऽऽ!”

बाबांनी एकदम मान वळवली. खिडकीकडे.

मी उठून बाहेर गेले. भाजीची ढकलगाडी घेऊन एक बाई उभी होती, पदर खोचलेला, आवाज बुलंद. मला बघून म्हणाली, “अव माय! तीन वर्सं झाले या गल्लीत गाडी आणून राहिली, तुमचं दार आजच उघडं दिसलं.”

तीन वर्षं! रोज पाच वाजता माझ्या दारावरून ओरडत जाणारी बाई, आणि मी तिचा आवाज आज ऐकत होते. ओशाळल्यासारखं झालं. ते लपवायला मी लगेच जुडी उचलली आणि खोट काढली. “हा सांबार असा सुकेल काहून हाय वो?”

“सुकेल? बाप्पा!” ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “सकायी तोडेल माल हाय. वास तं घेऊन पाहा बाई, मंग नावं ठेवा!”

घासाघीस झाली, टोमणे झाले, दोघींना मजा आली. मी दोन जुड्या घेऊन आत आले. बाबा उशीला रेलून अर्धे उठून बसले होते. डोळे चमकत होते. मी एक जुडी त्यांच्यापुढे धरली. कार्डापेक्षा खरी वस्तू बरी, म्हटलं. आणि सवयीने सुरू केलं.

“बाबा, हे काय? को... को...”

त्यांनी डाव्या हाताने जुडी ओढून घेतली. नाकाशी नेली. डोळे मिटले. ओठ हलायला लागले. “सां... सां...”

आणि मी काय म्हणावं? मी म्हणाले, “नाही बाबा. सां नाही. को...”

बाबांनी डोळे उघडले. असा संताप मी त्यांच्या तोंडावर आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी ती जुडी पलंगाच्या कठड्यावर फाडकन आपटली. पानं माझ्या तोंडावर, वह्यांवर, सगळीकडे उडाली.

“सांबार!” ते ओरडले. “सांबार! सांबार!”

कपाळ माझं! इकडचा सगळा मुलूख कोथिंबिरीला सांबार म्हणतो. पुण्याच्या माणसाला सांबार म्हटलं की इडली आठवते, पण आमच्याकडे सांबार म्हणजे हीच हिरवी जुडी. बाबांनी पन्नास वर्षं सांबार पेरला, सांबार तोडला, सांबार विकला. कोथिंबीर हा शब्द त्यांच्या तोंडात कधी नव्हताच. ज्या डब्यात वस्तूच नाही त्या डब्याचं झाकण मी दोन महिने उघडत बसले होते. आणि पाच मिनिटांपूर्वी दारात मी स्वतः ‘सांबार’ म्हणून घासाघीस करून आले होते! रागात, मजेत, बाजारात माझ्या तोंडून तोच शब्द येतो. फक्त बाबांसमोर बसले की माझ्यातली मास्तरीण जागी होते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

मी कार्डं धावत आणली. बटाट्याचं चित्र धरलं. “आ...”

“आ... आलू.”

पेरू. “जा...”

“जाम.”

टोमॅटो. “भे...”

“भेदरं!” हे तर त्यांनी मी अक्षर पुरं करायच्या आत म्हटलं.

चवळीच्या शेंगांची ‘बरबटी’ आली. मग ते हसायला लागले, तिरप्या ओठांनी, आणि डोळ्यांतून पाणी. मी रडतच होते. नवरा सातला घरी आला तर खोलीभर सांबार पसरलेला, बायको रडतेय, सासरा हसतोय. तो दारात थिजला. बाबांनी त्याला कार्ड दाखवलं आणि म्हणाले, “आलू.”

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. आणि त्या माणसाने चपला न काढता, वऱ्हाडीही न काढता, सरळ आत येऊन बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. “हाव बाबा! आलूच हाय थो! बटाटा कोण म्हन्ते त्याले?”

त्या संध्याकाळी मला बाकीचं आठवलं, आणि ते सांगायला जड जातं. वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. बाबा खास त्यासाठी अकोल्याहून आले होते, धुतलेलं धोतर, नवी टोपी. मुलीचं कार्यक्रमात सूत्रसंचालन होतं ना! संपल्यावर आमच्या मुख्याध्यापिकेने विचारलं, “कसं वाटलं?” बाबा आनंदाने म्हणाले, “मले लय आवडलं! माही पोट्टी काय बोलली, वा!” सगळे शिक्षक भोवती होते. मला शरम वाटली. आणि मी हसत हसत म्हणाले, “बाबा, ‘मले’ नाही. ‘मला’ म्हणा.” सगळे हसले. बाबाही हसले.

तेव्हापासून ते माझ्या घरी गप्प असायचे. “लाव तो टीव्ही.” वीस वर्षं मी समजत होते, त्यांना टीव्ही आवडतो. त्यांना बोलायला जागाच नव्हती माझ्या घरात. लकव्याने त्यांची वाचा घेतली खरी, पण त्याआधी वीस वर्षं माझ्या उंबऱ्याच्या आत ती मीच घेतली होती.

पुढच्या भेटीत मॅडमला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती कार्डांबद्दल माफी मागेल. तिने फाइल उघडली आणि पहिल्या दिवशीचा फॉर्म माझ्यासमोर ठेवला. ‘घरातील भाषा’ पुढे तिच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं, शुद्ध मराठी. मी तिच्याकडून पेन घेतलं, ‘शुद्ध मराठी’वर रेघ मारली आणि पुढे लिहिलं, वऱ्हाडी. सव्वीस वर्षांत मारलेल्या हजारो रेघांमध्ये तेवढी एक रेघ मला अचूक वाटते. मॅडम म्हणाली, “मला पण शिकवा. इथे आणखी दोन आजोबा आहेत माझ्याकडे, त्यांचीही कार्डं अडलीत.”

मग आम्ही नवी कार्डं केली. चित्रं तीच, मागे शब्द बाबांचे. नवरा या कामात माझ्यापेक्षा हुशार निघाला. ‘डोळा’ नाही, ‘डोया’. ‘सकाळ’ नाही, ‘सकाय’. मी ठसक्यात ळ म्हटला की तो आणि बाबा एकमेकांकडे बघून हसायचे. गाडी पळायला लागली असं नाही म्हणणार, रोज ढकलावी लागायची. पण साडेसात ते नऊ हा वेळ आता आमचा होता. दारापुढच्या ओट्यावर तीन खुर्च्या टाकायच्या. आजूबाजूच्या घरांतून मालिकांचा कल्ला यायचा आणि इकडे बाबा एक शब्द शोधत असायचे, आम्ही दोघं थांबून असायचो. अर्धं मिनिट, एक मिनिट. थांबणं मला जन्मात जमलं नव्हतं. त्या अर्ध्या मिनिटात मी त्यांचा चेहरा बघायला शिकले. शब्द येण्याआधी कपाळावर कसा येतो, भुवईत कसा अडतो, मग ओठावर कसा उतरतो. असं एवढं टक लावून मी कुठली मालिका पाहिली नव्हती.

भाजीवाली बाई पाचला गाडी थांबवून मुद्दाम खिडकीशी ओरडायची, “काय हो बाबा, आज काय आणलं सांगा!” आणि बाबा आतून वास घेऊन सांगायचे. “मेथी.” नाही तर, “काल... चा... माल!” ती पोट धरून हसायची.

शाळेतही एक बदल केला. निबंधात ‘आईने सांबारवडी केली’ असं एका मुलीने लिहिलं होतं. लाल पेन उचललं आणि ठेवून दिलं. त्याच दिवशी वर्गात फळ्यावर दोन रकाने केले, एकात पुस्तकातले शब्द, दुसऱ्यात घरातले. पोरांनी दुसरा रकाना फळ्याच्या खालपर्यंत नेला, मग भिंतीवर लिहू का विचारलं. परीक्षेत काय लिहायचं ते मी अजूनही नीट शिकवते हो, त्यात हयगय नाही. पण ‘मले’ म्हणणाऱ्याला आता उभं करत नाही.

टीव्ही आम्ही फेकला नाही. आम्ही काही साधू झालो नाही. रविवारी सामना असतो, कधी मीही एखादा भाग बघते. सुनेला घराबाहेर काढलं होतं, परत घेतलं, पुन्हा काढलं. म्हणजे माझं काही बुडलं नाही. रिमोट मात्र अजून तांदळाच्या डब्यातच राहतो. हात घालून काढायचा आणि पुन्हा खुपसायचा कंटाळा येतो, म्हणून टीव्ही आपोआप कमी लागतो. ही युक्ती माझी आहे आणि मला तिचा सार्थ गर्व आहे.

सहा महिने पुरे झाले ते होळीच्या आसपास. बाबा काठी घेऊन चार पावलं टाकत होते आणि दोन-तीन शब्दांची वाक्यं बोलत होते. त्या संध्याकाळी ओट्यावर आम्ही दोघंच होतो. शेजारी साडेसातचं शीर्षकगीत लागलं. मला कधीपासून एक गोष्ट बोलायची होती. फटकळ माणसाला शिव्या सुचतात, माफी सुचत नाही. शेवटी घसा खाकरून म्हणाले,

“बाबा, त्या स्नेहसंमेलनात मी तुम्हाला सगळ्यांसमोर बोलले. आठवतं का तुम्हाला?”

त्यांनी मान हलवली. आठवत होतं. वीस वर्षं आठवत होतं.

“माझं चुकलं. मला माफ करा.”

त्यांच्या कपाळावर शब्द आला, भुवईत अडला. मी थांबले. शेजारचं गीत संपलं, जाहिराती लागल्या, तरी मी थांबले. बाबांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मग एक एक शब्द उचलून ठेवत म्हणाले,

“मला... नाई.” थोडं थांबले. डोळ्यांत ते जुनं मिस्कील हसू. “मले... म्हन.”

मी पदराने डोळे पुसले. एवढ्या वर्षांची मास्तरीण उठून उभी राहिली, वर्गात पोरं उभी राहतात तशी, आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बाबा, माहं चुकलं. मले माफ करा.”

बाबांनी समाधानाने मान डोलावली.

“हाव,” ते म्हणाले. “आता कसं!”